उरलेला वॉशर

चामोर्शीच्या बाजारपेठेत गोपाल मिस्त्रीच्या दुकानात एक पत्र्याचा डबा होता. सगळे त्याला उरलेल्यांचा डबा म्हणायचे. शिलाई मशीन असो, पाण्याची मोटर असो की फवारणीचा पंप, खोलून परत जोडला की कधी ना कधी एखादा नट, एखादी स्प्रिंग ताटात उरतेच. दुसरे मिस्त्री ती गुपचूप खिशात टाकतात. गोपाल मात्र ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत डब्यात टाकायचा आणि वर म्हणायचा, "चालून राह्यली ना मशीन? मंग झालं. कंपनीवाले दोन नट जास्तीचेच लावतेत जी." गिऱ्हाईक हसायचं, गोपालही हसायचा. पंचवीस वर्षांत त्या डब्यापायी कुणाचं मशीन अडलं नव्हतं आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच गर्व होता.

पौषात वैनगंगेचं पाणी उतरलं आणि नावाडी रोशन एक दिवस दुकानात आला. हातात पिशवी होती. नेहमी दुकानात शिरायच्या आधीच ज्याचं बोलणं आत शिरायचं, तो रोशन त्या दिवशी पायरीवरच उभा राहिला.

"गोपालभाऊ, हे वळखता का?"

पिशवीत मासे धरायची चरखी होती. गळाच्या छडीच्या लोखंडी दांड्याचा हातभर तुकडा तिला अजून चिकटून होता आणि त्या तुकड्याला हिरव्या नायलॉन दोरीची एक गाठ होती. चरखी चिखलाने लिंपलेली होती, मुठीवर बारीक शिंपले बसले होते. गोपालने चरखी नंतर ओळखली, आधी गाठ ओळखली. लहानपणापासून ती गाठ तो पाहत आला होता. त्याच्या थोरल्या भावाची, लटारूभाऊची, उलट्या हाताची गाठ.

"डोहाजवळच्या झुडपाच्या मुळात अटकून होती. दहा दिवस झाले. नावेवरच सुकत ठेवली होती. आनू का नोको, तेच समजे ना," रोशन म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला.

लटारूभाऊला जाऊन अकरा महिने होत आले होते. मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा आटोपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाताचा डबा घेऊन नदीवर गेला आणि परत आला नाही. काळ्या खडकावर चपला सापडल्या, डबा सापडला. डब्यातला भात तसाच होता. चार दिवस नावा फिरल्या, जाळी टाकली, पण माणूस मिळाला नाही. गावात तीन तर्क झाले. कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी म्हणालं मगर, आणि कुणी भलतंच बोललं, ते सांगण्यासारखं नाही.

चौथा तर्क एकट्या गोपालजवळ होता आणि तो त्याने बायकोलाही सांगितला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. जावयाने नागपूरहून आणून दिलेली ती चरखी लटारूभाऊच्या जिवापाड आवडीची. एकदा एका भल्या मोठ्या कतला माशाने आख्खी छडीच ओढून नेली, तेव्हापासून तो छडीचं बूड नायलॉनच्या दोरीने कमरेला बांधून बसायचा. सगळं गाव त्याला त्यावरून चिडवायचं. यात्रेच्या चार दिवस आधी तो चरखी साफ करायला गोपालच्या घरी घेऊन आला. गोपालला दुकानाची घाई होती, दोन मोटरी खोलून पडल्या होत्या. त्याने चरखी खोलली, पुसली, ग्रीस लावलं, जोडली. आणि परातीत एक वॉशर उरला. पातळ, रुपयाएवढा, काठावर त्याच्याच पेचकसाचा एक चरा पडलेला.

तो कुठला आहे हे गोपालला पाहताक्षणीच कळलं होतं. समोरच्या आवळायच्या चावीखालचा. तो जागेवर असला की मोठा मासा ओढायला लागला तर चाक थोडं थोडं सरकतं, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सुटत जातो, माशाला ढील मिळते. तो नसला की चावी चाकावर घट्ट बसते आणि वीतभरही तंगूस सुटत नाही. परत खोलायला पाच मिनिटं लागली असती. तेवढ्यात ओट्यावर चहा पीत बसलेला लटारूभाऊ म्हणाला, "झाली का रे?"

"झाली," गोपाल म्हणाला.

आणि आयुष्यात पहिल्यांदा उरलेला तुकडा त्याने कुणाला न दाखवता मुठीत दाबला, आणि संध्याकाळी डब्यात टाकला.

मासा मोठा होता की नव्हता, खडक निसरडा होता की नव्हता, कोण सांगणार? पण कमरेला दोरी, हातात घट्ट बसलेली चरखी आणि समोर डोह, एवढं गोपालला डोळे मिटले की दिसायचं. अकरा महिने तो याच्यासोबत जेवत होता, झोपत होता आणि दुकानात हसतही होता.

रोशन येऊन गेल्याचं वहिनीच्या, म्हणजे सुगंधाबाईच्या, कानावर दुसऱ्या दिवशीच गेलं. ती आली ती आत्याला घेऊनच. आत्या म्हणजे ठमाबाई, ऐंशीच्या पुढची. माणसाला शेवटचं कसं पोचवायचं याचे सगळे रिवाज त्या घराण्यात आता तिलाच तेवढे ठाऊक होते.

"वर्ष व्हायच्या आत करा लागते," ठमाबाई म्हणाली. "मानूस भेटला नाई तं पळसाच्या पानाचा मानूस करतेत. त्याचे कपडे घालतेत. अखेरीस त्याच्या हातात जे होतं, ते त्याच्या हातात देतेत. पन अख्खं द्या लागते बाप्पा. अधुरं देल्लं तं तो जात नाई."

सुगंधाबाई इतके महिने या गोष्टीला नाहीच म्हणत होती. माणूस पाहिल्याशिवाय मी मंगळसूत्र काढणार नाही, हे तिचं एकच पालुपद होतं. आज ती ओट्यावर बसून चरखीकडे नुसती पाहत राहिली. तिने हात लावला नाही.

"भाऊजी, तुमच्या हातानं साफ करून द्या," ती म्हणाली. "चांगली चालली पायजे. आता मले त्याइले अटकवून नाई ठेवाचं."

पोरगी सासरी, मुलगा नाही, म्हणून पोचवायचा मान धाकट्या भावाचा होता. ठमाबाईने तेही समजावून सांगितलं. पळसाच्या माणसाला कच्चं सूत बांधायचं, दुसरं टोक भावाच्या कमरेला. पाण्यात सोडलं की धारेने तो पुढे जातो आणि सूत आपोआप तुटतं. तुटलं की सुटला.

रविवारी सकाळी गोपालने ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, परात ठेवली, वाटीत डिझेल ओतलं, जुना टूथब्रश घेतला. त्याची एक पद्धत होती. काढलेला प्रत्येक तुकडा डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचा आणि जोडताना उजवीकडून उचलत यायचं. मूठ, मुठीचा खिळा, बाजूचं झाकण, त्याचे तीन स्क्रू. झाकण उचललं तसं ओंजळभर पाणी वर्तमानपत्रावर सांडलं.

दहा दिवस उन्हात पडलेल्या चरखीत एवढं पाणी? आत कोंडून राहिलं असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पाणी स्वच्छ होतं, गढूळपणा नव्हता, आणि बोट बधिर होईल इतकं थंड होतं.

आतल्या दात्यांवरचं ग्रीस त्याचंच होतं, पिवळं, जसंच्या तसं. दात्यांमध्ये वाळू नव्हती. मग त्याने समोरची चावी खोलली. इथे त्याचे हात थांबले. भावाने स्वतःच कधीतरी उघडून काहीतरी बसवलं असेल, चामड्याचा तुकडा कापून घातला असेल, अशी एक वेडी आशा त्याने अकरा महिने जपली होती. तसं निघालं असतं तर तो मोकळा झाला असता.

जागा रिकामी होती.

आतून बायकोने, रीताने, जेवायला हाक मारली, ती गोपालला ऐकू आली नाही. मग त्याने चप्पल सरकवली, दुकान उघडलं, उरलेल्यांचा डबा खाली काढला. अकरा महिन्यांपूर्वीची वस्तू तळाशी गेली असेल म्हणून त्याने डबा उपडा करायची तयारी केली होती. वॉशर सगळ्यात वर पडला होता. काठावर चरा. डब्यातल्या बाकी सगळ्या तुकड्यांवर धूळ आणि गंज होता. वॉशर ओला होता.

डब्यात ओल गेली असेल. पावसाळ्यात छप्पर गळतं. पण आता पौष होता.

घरी येऊन त्याने तो बसवला, सगळं उलट क्रमाने जोडलं. परातीत काही उरलं नाही. जुन्या तंगुसाचं टोक धरून ओढलं तर चाक कुर्र करत हळूहळू सरकलं, पाहिजे तशी ढील मिळाली. पाच मिनिटं लागली होती, मोजून पाच. गोपालला रडू आलं. चरखी मांडीवर घेऊन तो ओट्यावर हमसून हमसून रडला, आणि रीताला वाटलं भावाची आठवण आली, म्हणून ती दारातूनच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी तो उठून बाहेर आला तेव्हा वॉशर परातीत होता.

चरखी शेजारी होती, बंद, स्क्रू आवळलेले. वॉशरभोवती पाण्याचा एक गोल डाग.

"तू हात लावला का याले?"

"मी काऊन लावू?" रीता भडकली. "तुमचं ते तेलकट खटलं एक तं ओट्यावर पसरून ठेवता, आन् मलेच इचारता!"

त्याने चावी खोलली. जागा रिकामी. आपणच विसरलो असू, रडता रडता काय जोडलं कुणास ठाऊक, असं म्हणत त्याने तो परत बसवला. या वेळी बसवताना मोठ्याने म्हणाला, "बसला." चरखी लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली करदोऱ्याला अडकवली आणि दुकानात गेला. दुपारी जेवायला आला. पेटीला कुलूप होतं. पेटीच्या झाकणावर, बरोबर मधोमध, वॉशर होता.

गोपाल भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. लोकांच्या मोटरीत भूत शिरल्याच्या कितीतरी गोष्टी त्याने एका वायरच्या तुकड्यात मिटवल्या होत्या. म्हणून त्याने तिसऱ्यांदाही तेच केलं. आणि तिसऱ्यांदाही तेच झालं. या वेळी वॉशर त्याच्या जेवणाच्या ताटात, भाताच्या कडेला होता. रीता वाढून नुकतीच आत गेली होती.

त्याने तो उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. भात तसाच सोडला.

चरखीवर नवा तंगूस चढवायचा राहिला होता. तो सैल चढवून चालत नाही, ताण देऊन गुंडाळावा लागतो. गोपालने एक टोक गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हातपंपाच्या खांबाला बांधलं, तंगूस घराच्या कोपऱ्यावरून वळवून मागच्या अंगणात आणला आणि मूठ फिरवायला लागला. दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन. शेजारच्या अंगणात मोहफुलांची जुनी टोपली वाळत होती, कोंबड्या माती उकरत होत्या.

अर्धा तंगूस चढला आणि मूठ जड झाली.

कुणी तंगुसात अडकलं असेल. एखादी शेळी. त्याने थांबून ऐकलं. काही आवाज नव्हता. मग समोरून तंगूस ओढला गेला. जोरात नाही. एक हिसका. थोडं थांबून दुसरा.

लहानपणी घरामागच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, दोघा भावांत एकच तंगूस असायचा. लटारूभाऊ पाण्यात, गोपाल काठावर. पाण्यातून बोलता यायचं नाही म्हणून त्यांची खूण ठरली होती. दोन हिसके. ढील दे.

त्याने चावी सैल करायला घेतली. चावी फिरेना. आत वॉशर नव्हता, चाक घट्ट बसलं होतं आणि तंगूस ओढला जात होता. गोपाल एक पाऊल पुढे गेला. मग आणखी एक. अनवाणी पायांखालून माती सरकली. चरखी सोडून द्यावी एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नाही.

दोन हिसके.

"भाऊ," तो म्हणाला.

ताण गेला. तंगूस सुतासारखा खाली पडला.

तो धावत हातपंपापाशी गेला. खांबावरची गाठ होती तशीच होती. आसपास कुणी नव्हतं. गाठीपासून हातभर तंगूस ओला होता आणि पंप तर उन्हाळ्यापासून बंद पडलेला होता.

"कोनासंगं बोलून राह्यले होते?" रीताने दारातून विचारलं.

"कोनासंगं नाई."

त्या संध्याकाळी तो चरखी घेऊन वहिनीकडे गेला. सांगायचं ठरवूनच गेला होता. वाटेत शब्दही जुळवले होते. ओट्यावर सुगंधाबाई पळसाची पानं काड्यांनी टाचत बसली होती. पानांचं धड तयार होतं, हात तयार होते, आणि दोरीवर लटारूभाऊचा धुतलेला पांढरा सदरा वाळत होता. तिने चरखी हातात घेतली, पदराने पुसली, मूठ फिरवून पाहिली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरासा निवांतपणा आला.

"चालते वो चांगली. अख्खी हाये ना, भाऊजी?"

गोपालच्या खिशात वॉशर होता. सदऱ्यातून तो छातीला गार लागत होता.

"अख्खी हाये," गोपाल म्हणाला.

मंगळवारी सकाळी मार्कंड्याच्या खालच्या अंगाला सातआठ जण जमले. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते. पाणी उथळ, तळाची वाळू दिसेल इतकं नितळ होतं. गोपालने अंघोळ करून खिशाची गुंडी लावली आणि वॉशर आत आहे हे चाचपून पाहिलं. आयत्या वेळी, कुणाचं लक्ष नसताना, तो पळसाच्या हातात खोचून द्यायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. म्हणजे अख्खंही होईल आणि बोलावंही लागणार नाही.

पळसाच्या माणसाने लटारूभाऊचा सदरा घातला होता. सुगंधाबाईने चरखी त्याच्या पानांच्या मुठीत बांधली. ठमाबाईने गोपालच्या कमरेला कच्चं सूत गुंडाळलं. शिलाईवाल्यांच्या संगतीत जन्म काढलेल्या गोपालला ते सूत पाहताच कळलं, लहान पोराच्या दोन बोटांनीही तुटेल असं.

गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने पळसाचा माणूस सोडला. खोचायला हात खिशाकडे नेला. गुंडी लागलेली होती. खिसा रिकामा होता.

माणूस धारेला लागला, पाचसहा हात गेला. सूत ताणलं गेलं.

आणि तुटलं नाही.

पळसाचा माणूस पाण्यात थांबला. दोन्ही बाजूंनी धार वाहत होती, पानं फडफडत होती, सदऱ्याची बाही पाण्यावर हलत होती. तो मात्र होता तिथेच.

"कोनाजवळ काई राह्यलं का त्याचं?" ठमाबाईने विचारलं. "असंन तं द्या बाप्पा."

गोपालचा हात पुन्हा रिकाम्या खिशाकडे गेला.

"भाऊजी."

गोपालने मान वळवली. सुगंधाबाई वाळूत वाकली होती. ती उठली तेव्हा तिच्या तळहातावर एक पातळ, रुपयाएवढी चकती होती. तिच्यावरून पाण्याचा थेंब खाली पडला.

"तुमच्या पायापाशी होतं हे. कशाचं होय?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. तीही पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. आता सांगितलं असतं तर दोन शब्दांत झालं असतं.

"काई नाई, वहिनी," गोपाल म्हणाला. "मशीनचा होय. उरलेला."

कमरेला एक हिसका बसला. थोडं थांबून दुसरा.

गोपालने दोन्ही हातांनी कमरेचं सूत चाचपलं. ढील द्यायला त्याच्याजवळ वीतभरही सूत नव्हतं. पायांखालची वाळू सरकली; पाणी गुडघ्याला होतं, ते आता मांडीला लागलं.